घर घेताना कागद आधी, इसार नंतर

भुसावळला रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे. जळगावात महापालिका हद्दीत ३८ लाखांचे रो-हाउस घ्यायचे ठरते आहे. विकणारे गृहस्थ ओळखीतले. जागा त्यांच्या वडिलोपार्जित शेतीतून बिनशेती झालेली, दोन बहिणी सासरी. ते म्हणतात, "सातबारा मना नाववर शे, मंग आखो काय जोयजे? दोन लाख इसार द्या, महिन्याभरात खरेदी करून टाकू." दुसरीकडे पारोळा तालुक्यातले सासरचे जुने घर विकून तो पैसा या घरात घालायचा आहे, आणि त्या घराला ग्रामपंचायतीच्या उताऱ्याशिवाय दुसरा कागद नाही. ताईंचे प्रश्न असे: दस्तलेखक सगळे करून देतो म्हणतो, तर वकील लागतो का? साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, करावे की थेट खरेदी? किंमत थोडी कमी दाखवली तर चालेल का? आणि गावचे घर विकता येईल का?

मी जळगाव-धुळ्याकडे पंचवीसहून अधिक वर्षे वकील म्हणून हेच काम करतो. सगळ्यात आधी ताईंना एवढेच सांगतो की दोन लाखांचा इसार, म्हणजे सौदा ठरल्याची आगाऊ रक्कम, आज देऊ नका. पुढे जे लिहिले आहे ते वाचा, कागद मागवा, मग द्या.

सातबारा नावावर असणे म्हणजे मालकी, ही आपल्याकडची सर्वात घट्ट बसलेली समजूत आहे. सातबारा हा महसूल नोंदीचा कागद आहे. शेतसारा कोणाकडून घ्यायचा, वहिवाट कोणाची, हे सांगण्यासाठी तो ठेवला जातो. त्यावरची नोंद खरी मानून चालायचे असे जमीन महसूल संहिता म्हणते, पण ते उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने, म्हणजे उताऱ्यावरचे नाव बदलल्याच्या नोंदीने, मालकी निर्माणही होत नाही आणि संपतही नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. मालकी येते ती खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून. म्हणून मी पक्षकाराला सातबारा बाजूला ठेवायला सांगतो आणि विचारतो, की हे नाव त्यावर आले कसे? त्याचे उत्तर फेरफारात असते. आजचा उतारा हातात घ्यायचा, त्यावरचे फेरफार क्रमांक बघायचे आणि एकेक फेरफाराची नक्कल काढत किमान तीस वर्षे मागे जायचे. जुन्या कागदांवर जिल्हा 'पूर्व खानदेश' लिहिलेला दिसला की नवे लोक गोंधळतात. तो आजचा जळगाव जिल्हा. 'पश्चिम खानदेश' म्हणजे धुळे, आणि त्यातूनच १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला. गट क्रमांकाआधीचा सर्व्हे क्रमांकही जुळवून घ्यावा लागतो. ती साखळी मध्येच तुटली, तर पुढचे सगळे कागद कितीही कोरे करकरीत असले तरी लटके पडतात.

आता बहिणींचा मुद्दा. खानदेशात घरजागेचे जितके दावे मी पाहिले, त्यांतले फार मोठे प्रमाण याच एका जागी येऊन थांबते. वडील वारले, तलाठ्याकडे वारस नोंद झाली, भावाचे नाव ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागले आणि बहिणींची नावे एक तर लागलीच नाहीत किंवा 'इतर हक्कात' गेली. वर्षे जातात, भाऊ स्वतःला एकटा मालक समजू लागतो. त्यात त्याचा खोटेपणा असतोच असे नाही, त्याला खरेच तसे वाटत असते. पण कायदा वेगळे सांगतो. मालमत्ता वडिलांच्या स्वकष्टाची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर विधवा आई, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आजी, सगळे सारखे वारस. मालमत्ता वडिलोपार्जित असेल तर मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार. महाराष्ट्रात अविवाहित मुलींना हा हक्क १९९४ मध्येच मिळाला होता. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित-अविवाहित सगळ्यांना मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. सुटतात ते फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले व्यवहार आणि वाटण्या.

मग बहिणींच्या सह्यांशिवाय खरेदी झाली तर? खरेदीखत नोंदले जाईल. पण तुम्हाला मिळेल तो भावाचा हिस्सा, घर नव्हे. आणि एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला, तर त्याला त्या घरात सामाईक ताबा मागण्याचाही हक्क नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ सांगते. पैसे पूर्ण दिलेले, कर्जाचा हप्ता चालू, आणि हाती काय, तर वाटपाचा दावा लावण्याचा अधिकार. शिक्षकी पेशातल्या एका जोडप्याला याच कारणाने अकरा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढताना मी पाहिले आहे. ते माझ्याकडे खरेदीनंतर आले होते.

यावर उपाय अवघड नाही, फक्त आधी करायचा असतो. एक मार्ग हक्कसोडपत्राचा. बहिणी भावाच्या लाभात हक्क सोडतात. ते लेखी आणि नोंदणीकृतच हवे. शंभराच्या स्टँपवर नोटरी केलेल्या हक्कसोडीला अर्थ नाही. कुटुंबातल्या कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीचे हक्कसोड असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र असते, तेव्हा खर्चाची सबब चालत नाही. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. बहिणींना खरेदीखतातच 'लिहून देणार' म्हणून घ्या. 'संमती देणार' म्हणून नव्हे. संमती देणारी व्यक्ती नंतर म्हणू शकते, की मला काय लिहिले होते ते ठाऊक नव्हते, पैसेही मिळाले नाहीत. लिहून देणार म्हणून सही असेल, आणि तिच्या वाट्याची रक्कम, ठरली असेल तेवढी, तिच्या स्वतःच्या खात्यात धनादेशाने गेली असेल, तर तो वाद बहुतेक उभाच राहत नाही. बहिणीला तिचा हिस्सा मिळतो हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या बहिणीकडून गाण्याझोक्यांच्या धामधुमीत अंगठा उमटवून घ्यायचा आणि नंतर सांगायचे की "तुझं नाव कमी केलं", असे प्रकार मी पाहिले आहेत. असा दस्त मी लिहीत नाही. तिला वाचून दाखवा, अहिराणीत समजावून सांगा, मगच सही घ्या. असा दस्त टिकतोही.

वारसांत कोणी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल, समजा मोठा भाऊ वारला आणि त्याची मुले लहान आहेत, तर आईने पालक म्हणून केलेली सही पुरत नाही. अज्ञानाच्या मालकीच्या मिळकतीसाठी जिल्हा न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ती न घेता केलेली विक्री मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करून मागू शकते.

बिनशेती झालेल्या जमिनीचा मूळ धारणा प्रकारही बघा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग १' असेल तर ठीक. 'वर्ग २' असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना विक्री नाही. मूळ जमीन वतनाची, कुळकायद्याने मिळालेली किंवा आदिवासी खातेदाराची होती का, हे फेरफारांतच कळते. नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या भागात आदिवासी जमिनीचा प्रश्न नेहमी येतो. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर १९७४ पासून कडक बंधने आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. ती नसेल तर वर बंगला बांधला तरी जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. 'इतर हक्क' हा रकाना तर ओळ न ओळ वाचायचा. विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळे तिथे असते. बोजा फेडला म्हणून तोंडी सांगतात. बोजा कमी झाल्याचा फेरफार दाखवा म्हणायचे.

मूळ खरेदीखत मागा, झेरॉक्स नको. मूळ दस्त नाही म्हटले, की पहिली शंका ही घ्यायची की तो कुठल्यातरी पतसंस्थेत तारण आहे. पतसंस्थांची थकीत कर्जे हे आपल्या जिल्ह्याचे जुने दुखणे आहे आणि त्यांची वसुली घरावर जप्तीपर्यंत येते.

दस्तलेखकाबद्दल. मी त्यांच्या कामाला कमी लेखत नाही. दस्ताची भाषा, चतुःसीमा, डेटा एन्ट्री, चलन यात त्यांच्यातल्या अनेकांचा हात वकिलांपेक्षा सराईत असतो. पण तो तुम्ही दिलेल्या माहितीवर दस्त लिहितो, मालकी तपासत नाही. आणि दुय्यम निबंधकही तपासत नाही. विकणाऱ्याची मालकी ठरवणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात पुन्हा सांगितले. "सरकारने नोंदले म्हणजे बरोबर असणार" हा भरवसा म्हणून चुकीचा आहे. बँकेचा पॅनेलवरचा वकील शोध अहवाल देतो खरा, पण तो बँकेच्या कर्जाची सुरक्षितता बघतो. तुमच्या बाजूने प्रश्न विचारणारा माणूस वेगळा हवा. तो सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीचा, शोध घेईल. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्याकडच्या नोंदी साधारण २००२ पासून मिळतात, त्याआधीसाठी निबंधक कार्यालयातली पुस्तके उलटावी लागतात. तो विकणाऱ्याच्या नावाने न्यायालयांच्या संकेतस्थळावर चालू दावे बघेल, आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देईल. नोटिशीला कोणी हरकत घेतली तर वाईट वाटून घेऊ नका. खरेदीनंतर येणारी हरकत आज आली, एवढेच झाले.

आणि जागेवर जा. हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. वकिली सुरू करून चारेक वर्षे झाली असतील. कागद निर्दोष होते, शोध स्वच्छ होता, मी ले-आउटचा नकाशा पाहून दस्त केला. पक्षकार बांधकामाला गेला तेव्हा कळले, की त्याच्या प्लॉटवर शेजाऱ्याचे घर सात वर्षांपासून उभे आहे आणि शेजाऱ्याचा प्लॉट मोकळा. खुणा हलल्या होत्या, दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. अदलाबदलीचा दस्त करून प्रकरण मिटले, पण पक्षकाराला ते सहा महिने फार जड गेले आणि त्याला जबाबदार मी होतो. तेव्हापासून मंजूर ले-आउट हातात घेऊन, रस्त्यापासून प्लॉट मोजत गेल्याशिवाय मी दस्तावर हात ठेवत नाही. शंका असेल तर भूमी अभिलेखाकडून मोजणी करून घ्या. बांधकाम परवानगीचा नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष घर जुळते का, तेही बघा. ओपन स्पेसवर सरकलेली संरक्षक भिंत पुढे महापालिकेच्या नोटिशीचे कारण होते.

साठेखत की थेट खरेदी? सगळे कागद स्वच्छ असतील, बहिणी तयार असतील आणि कर्ज मंजूर असेल, तर थेट खरेदीखत करा. पण तुमचे पैसे गावचे घर विकल्यावर येणार आहेत, म्हणजे मध्ये काही महिने जाणार. तेव्हा साठेखत करा, आणि नोंदणीकृत करा. साठेखताने मालकी मिळत नाही, पुढे खरेदी करून मागण्याचा हक्क मिळतो. नोंदणी झालेली असेल तर दुसरा कोणी शोध घेईल तेव्हा तुमचे साठेखत त्याला दिसते, आणि विकणाऱ्याला तेच घर दुसऱ्याला विकणे अवघड होते. साठेखतात ताबा दिला किंवा द्यायचा ठरला, तर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते. ते वाया जात नाही, अंतिम खरेदीखताला वळते होते. खरेदीची तारीख उलटून विकणारा टाळाटाळ करू लागला तर दाव्याची मुदत तीन वर्षे आहे. "बघू, दिवाळीनंतर" यात ती संपू देऊ नका. साध्या इसार पावतीवर भागवायचे असेल, तर तीत एकूण किंमत, दिलेली रक्कम, कागद कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे आणि मालकी स्वच्छ नसल्यास इसार किती दिवसांत परत, हे चार मुद्दे असलेच पाहिजेत. कुलमुखत्यारपत्रावर घर 'विकत' घेऊ नका. तशाने मालकी जात नाही, हे २०११ मध्येच ठरले आहे.

किंमत कमी दाखवण्याबद्दल माझे उत्तर नाही असे आहे, आणि हिशेबानेही ते नाहीच येते. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यानुसारची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागते. जळगाव महापालिका हद्दीत ते एकूण ६ टक्के. ३८ लाखांवर २ लाख २८ हजार. घर फक्त तुमच्या नावावर घेतले तर निवासी घरासाठी महिलांना १ टक्का सवलत आहे, म्हणजे १ लाख ९० हजार, थेट ३८ हजारांची बचत. पतीचे नाव सोबत घातले की ही सवलत जाते, हे आधीच ठरवून घ्या. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. आता वरचे पाच-सात लाख रोखीने दिले तर? घराच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. बँक कर्ज दस्तातल्या किमतीवर देते. व्यवहार मोडला तर रोख दिल्याचा पुरावा नाही. आणि उद्या तुम्ही हे घर विकाल तेव्हा तुमची खरेदी कागदावर कमी, म्हणून नफा जास्त, म्हणून करही तुमच्याच माथी. ५० लाख किंवा त्यावरचा व्यवहार असता तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा असतो. तुमचा त्याखाली आहे, तेव्हा तो प्रश्न नाही.

दस्त सहीच्या दिवसापासून चार महिन्यांत नोंदणीला हजर करावा लागतो. नंतर आणखी चार महिने दंड भरून मिळतात, पण तिथवर जाऊच नये. शक्यतो सही आणि नोंदणी एकाच दिवशी करा. धनादेशांचे क्रमांक आणि बँक दस्तात लिहा. ताबा त्याच दिवशी, रिकाम्या घराचा. नंतर सूची क्रमांक दोन घ्या, फेरफार होतो का यावर लक्ष ठेवा. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचे मीटर यांवर नाव लावायला स्वतंत्र अर्ज लागतात. हे कोणी आपोआप करत नाही.

आता गावचे घर. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. तरी गावठाणातली घरे पिढ्यान् पिढ्या त्याच्यावरच विकली गेली, कारण दुसरा कागद नव्हताच. आता स्थिती बदलते आहे. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आणि बऱ्याच गावांत मिळकत पत्रिका तयार झाल्या. तुमच्या गावची झाली आहे का, ते तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. झाली असेल तर सासऱ्यांच्या नावाची पत्रिका काढा, वारसांची नावे लावून घ्या, मग गिऱ्हाईक शोधा. घेणाऱ्याला बँकेचे कर्जही मग सोपे जाते आणि तुम्हाला भावही बरा मिळतो. घर धाब्याचे असेल तर दस्त लिहिताना सामाईक भिंत कोणाची, पावसाचे आणि न्हाणीचे पाणी कुठे जाते, बोळातून येण्याजाण्याचा हक्क कोणाकोणाचा, ओटा मोजणीत आला की रस्त्यात, हे स्पष्ट लिहा. शेजाऱ्याशी पुढे होणारी भांडणे नेमकी यावरूनच होतात. विकणाऱ्याने हे लपवले तर खोट उघडी पडते तेव्हा जबाबदारी त्याच्यावरच येते. विक्रीच्या नफ्यातून दुसरे घर घेतल्यास भांडवली नफ्याच्या करात सवलत मिळते, पण ते घर विक्रीच्या एक वर्ष आधी ते दोन वर्षे नंतर या काळात घेतलेले हवे. दस्तांच्या तारखा ठरवण्याआधी कर सल्लागाराला दाखवून घ्या.

आणि ताई, जे रो-हाउसवाल्यांच्या बहिणींबद्दल लिहिले तेच तुमच्या नणंदांनाही लागू आहे. त्या घरात त्यांचा हिस्सा आहे. गिऱ्हाईक येण्याआधी पतीने स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलावे. ते बोलणे झाले, की जळगावच्या घराचे चालू सातबारे, तीस वर्षांचे फेरफार, बिनशेती आदेश आणि ले-आउट यांच्या नकला मागवा. विकणारे गृहस्थ आठ-दहा दिवसांत हे देत असतील तर इसाराचे बोलू. देत नसतील तर दुसरे घर बघायला लागा.